नान्नजच्या माळावरील एक रात्र

(महोत्सवाच्या स्नेहसंमेलनात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या संमेलनात मी भाषण करावे, परंतु प्रवचन करू नये, अशी अट महोत्सव समितीने घातली आहे. अट रास्त आहे. जे दर रविवारी निमूटपणे ऐकावे लागते ते निदान सणाच्या दिवशी तरी चुकावे, असे कोणासही वाटेल. म्हणून मी विषय निवडला आहे तो सायकलीचा; आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत बोलावयाचे तर पायगाडीचा.

सोलापुरात हा विषय कोणास क्षुल्लक वाटू नये. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. तिलाच पुढे सारे गाव 'जुनी मिल' म्हणू लागले. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या. पाळीचा भोंगा झाला की फाटकातून माणसांबरोबर सायकलींचाही लोंढा बाहेर पडे, आणि घंट्यांच्या किणकिणाटाने रस्ता भरून जाई. आपल्या धर्मग्रामातील कित्येक घराण्यांचा संसार अशा सायकलीच्या कॅरिअरवर बसूनच पुढे आला आहे. जेवणाचा डबा, चादरींचा गठ्ठा, शाळेत जाणारी मुलगी, आजारी आई, सारी त्याच एका लोखंडी जाळीवर. आज त्या गिरण्या बंद पडल्या आहेत, भोंगे मुके झाले आहेत, आणि दुचाकी म्हटले की लोकांस पेट्रोलवर चालणारे वाहन आठवते.

या पायगाडीस सुख कोठून आले, तेही दोन शब्दांत सांगतो. पहिल्या सायकली घन चाकांच्या असत, आणि त्यांवर बसणाराची हाडे खिळखिळी होत. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थास 1845 मध्येच सुचली होती, परंतु ती काळाच्या फार पुढे असल्याने विसरली गेली. 1888 साली बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या लहानग्या मुलाच्या तीनचाकी गाडीस हवेची रबरी धाव बसविली, आणि तेथून सायकल जगभर धावू लागली. जनावरांच्या वैद्याने मुलाच्या कौतुकापायी केलेली ही युक्ती! पशुवैद्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. पुढे आपणांस आणखी एक पशुवैद्य भेटणार आहे.

सायकलीवरून मोठमोठे पराक्रम झाले आहेत, हेही तरुणांनी ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर 1923 मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे मार्च 1928 मध्ये ती पुरी करून परत आले. वाळवंटे, डोंगर आणि अरण्ये त्यांनी दोन चाकांवर ओलांडली. मी आज जी हकिकत सांगणार आहे ती अशा थोर जातीची नव्हे. आमची स्वारी विसेक किलोमीटर जावयाची आणि तितकीच परत यावयाची होती. पराक्रमाचा हेतू कोणाच्याच मनात नव्हता. एक दिवस संथपणे सायकल चालवावी, भाकरी खावी आणि परतावे, एवढाच बेत होता.

ही गोष्ट 2016 सालच्या जून महिन्यातील. त्या वर्षीच्या दुष्काळाची आठवण आपणांस करून द्यावयास नको. उजनीचे पाणी उणे पातळीवर गेले होते. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि आपल्या स्टेशनात उभे राहून आपण लोक पाण्याच्या गाड्यांविषयी बोलत होतो. मृग लागून आठवडा झाला तरी पावसाचा टिपूस नव्हता. त्या रविवारी आपण याच मंदिरात मिस्सेच्या वेळी पावसासाठी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी सोमवार. तो आम्हां धर्मगुरूंचा मोकळा दिवस. शाळा अद्याप उघडल्या नव्हत्या. तेव्हा गायनमंडळातील तीन मुलगे, आपले निवृत्त मास्तर, सायकलदुरुस्तीचे काम करणारे आपले मिस्त्री आणि मी, असे सहा जण पहाटे नान्नजच्या वाटेस लागलो. माझ्याकडे होती ती आपल्या धर्मग्रामाची जुनी काळी सायकल: सळ्यांचे ब्रेक, पाठीमागे भक्कम स्टँड, मागील चाकास लागून फिरणारा डायनामो, आणि हँडलवर वाटीएवढा दिवा. माझ्या आधीच्या कितीतरी फादरांनी ती वापरली होती, आणि त्या सर्वांच्या वजनाची नोंद तिच्या सीटने ठेवली होती.

नान्नजला जावयाचे कारण मास्तर. त्यांस माळढोक पक्षी पाहावयाचा होता. बार्शीकडे जाताना उत्तर सोलापूर तालुक्यातील हे गाव लागते, आणि त्याच्या भोवतीच्या माळरानावर हा पक्षी राही. पुरुषभर नव्हे, पण चांगला कमरेएवढा उंच. नराचे वजन कधी कधी बारा-पंधरा किलोपर्यंत भरते, आणि एवढा भारी असूनही तो उडतो. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. ज्याचा सारा वंश एका उघड्यावरच्या अंड्यावर अवलंबून, त्याचे पुढे काय व्हावयाचे! 1979 साली सरकारने या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केले; त्याचे क्षेत्र कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सारेच आले, आणि जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध येऊन शेतकरी त्रासले. पुढे न्यायालयाच्या निर्णयानंतर ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणण्यात आले. या उपद्व्यापात माणसाचे नुकसान झाले आणि पक्षीही वाढला नाही, असे माझे मत आहे. तज्ज्ञांनी ते मानलेच पाहिजे असे नाही. आज तेथे माळढोक दिसणे ही निव्वळ नशिबाची गोष्ट झाली आहे.

जातानाच्या प्रवासात सांगण्यासारखे एवढेच की आमच्या सायकली तीनदा पंक्चर झाल्या. आपल्या मुलखात रस्त्याच्या कडेस बाभूळ असते, आणि अलीकडे परदेशातून आलेली वेडी बाभूळ त्याहून अधिक. तिचा वाळलेला काटा धुळीत उताणा पडलेला असतो. मिस्त्री रस्त्याकडेला उकिडवे बसत, ट्यूब बाहेर काढून गालाजवळ फिरवीत, आणि पाण्याचे घमेले नसतानाही गालास लागणाऱ्या वाऱ्यावरून भोक कोठे आहे ते सांगत. बाटलीतले पाणी पंक्चर शोधण्यात घालविणे त्या वर्षी कोणाच्या जिवावर आले असते! मुले हा प्रकार एखाद्या जादूगाराचा खेळ पाहावा तशी पाहत होती. घाई कोणासच नव्हती. साडेआठाला आम्ही माळावर होतो. काळविटांचा एक कळप दिसला, एक खोकड दिसले, माळढोक दिसला नाही. मास्तरांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही, आणि आम्ही कडक भाकरी व शेंगाची चटणी खाऊन घेतली. ऊन चढले तसे गावातील एका पाराखाली आडवे झालो.

तीन वाजता परत निघालो. मोठ्या रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ होती, म्हणून गावकऱ्यांनी दाखविलेली शेतांमधली गाडीवाट धरली. ती वाट सुरेख होती. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी राने, उन्हाने त्यांस हातभर भेगा पडलेल्या, आणि वाटेवर बैलगाड्यांनी दळून ठेवलेली पिठासारखी माती. मुले गात होती. ईशान्येच्या बाजूस ढग जमत होते, तिकडे पाहून मास्तर म्हणाले, "फादर, काल मागितलेले आजच मिळावयाचे असे दिसते."

येथे थोडे या काळ्या मातीविषयी बोलले पाहिजे. आपले दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारसाचे थर साचून झाले. त्या काळ्या दगडाची झीज होऊन ही माती झाली, आणि तिच्यात एक प्रकारची अतिसूक्ष्म चिकणमाती असते. शास्त्रज्ञ तीस मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. तिचे कण पानांच्या चवडीसारखे असतात, आणि पाणी त्या पानांच्या मधे शिरून बसते. म्हणून ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. याच गुणामुळे पावसाळ्यात प्यालेले पाणी ती महिनोन् महिने धरून ठेवते, आणि आपली रब्बीची ज्वारी थंडीत एकाही पावसाविना पिकते. सोलापूरची भाकरी या मातीच्या कृपेची आहे. परंतु जो गुण ज्वारीस तारक, तोच सायकलीस मारक.

साडेचाराच्या सुमारास वाऱ्याचा लोट आला, धूळ उठली, आणि मग टपोरे थेंब. पहिली पाच मिनिटे आनंदाची होती. मातीचा तो पहिला वास, आणि वर्षभर तहानलेल्या मुलांनी तोंड उघडून झेललेले थेंब मी विसरणार नाही. पुढच्या पाच मिनिटांत चाकांनी माती उचलावयास आरंभ केला. एका फेऱ्यात बोटभर, दुसऱ्यात दोन बोटे; मडगार्ड आणि टायर यांमधील जागा गच्च भरली, चिमटा भरला, चेन दिसेनाशी झाली, आणि चाक जे थांबले ते थांबलेच. ढकलावे तर सायकल घसरे, फिरत नसे. उचलावी तर तिचे वजन दुप्पट. चपलांखाली भाकरीएवढे चिखलाचे थर बसत आणि प्रत्येक पावलास एकेक थर वाढे. मिस्त्रींनी काडीने चिखल उकरून पाहिला. दहा पावलांत पुन्हा तेच. अखेर पाना काढून ते एकेका सायकलीची मडगार्डे उतरवू लागले. मी त्यांच्यापाशी थांबलो. मास्तर आणि मुले सायकली तेथेच टाकून पुढे, बांधावर एक एकटे मोठे बाभळीचे झाड होते, त्याच्या आडोशास गेली. कोणीही गेले असते. अंगावर गारांसारखे थेंब बसत होते, आणि त्या उघड्या रानात मैलभर दुसरा आडोसा नव्हता. त्याच झाडाखाली मेंढ्यांचा एक कळपही गोळा झाला होता.

इतक्यात पलीकडच्या बांधावरून डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला एक धनगर काठी उगारून ओरडत धावत आला. "आवं मास्तर, भाईर या! झाडाखाली थांबू नगा! पोरास्नी भाईर काढा!" मास्तरांस ऐकू येईना, विजा कडाडत होत्या. तो झाडाखाली शिरला, एका मुलास दंडास धरून ओढले, दुसऱ्यास काठीने ढोसले, मास्तरांस तर अक्षरशः ढकलतच नांगरटीत आणले, आणि सर्वांस दूर दूर, पाय जुळवून उकिडवे बसावयास लावले. मग तो मेंढ्यांकडे वळला. मेंढरू पावसात एकमेकांच्या पोटाखाली डोके घालते आणि हलत नाही. तो आवाज देत होता, काठी आपटीत होता. निम्मा कळप त्याने बाहेर काढला असेल नसेल, तोच सारे पांढरे झाले.

मी दीडशे पावलांवर होतो. आवाज ऐकल्याचे मला आठवत नाही. छातीवर कोणी फळी मारल्यासारखे वाटले एवढे आठवते. नंतर झाडाचे खोड वरपासून खालपर्यंत सोललेले दिसले, आणि धनगर नांगरटीत बसलेला, दोन्ही कानांवर हात. तो जिवंत होता. मास्तर जिवंत होते, तिन्ही मुले जिवंत होती. झाडाच्या बुंध्याशी अकरा मेंढ्या पडल्या होत्या. एकीच्याही अंगावर जखम नव्हती. एकमेकींच्या पोटाखाली डोकी तशीच होती.

विजेविषयी आपल्यांत पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून थोडे सांगतो. लोखंड वीज ओढते म्हणून मुलांनी सायकली टाकल्या, आणि पायात रबर असले की भय नाही असे त्यांतल्या एकास वाटत होते. खरे पाहता वीज पाहते ती उंची आणि एकाकीपणा. ढगापासून जमिनीपर्यंत जी वाट तीस सोपी, ती तिची. मैलांची हवा फोडून जी येते तिला चपलेचे बोटभर रबर काय अडविणार! तिच्या वाटेतील हवा तीस हजार अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाहूनही कितीतरी अधिक. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून जमिनीत उतरते आणि चहूकडे पसरते. बुंध्यापासून दूर जावे तसा तिचा जोर उतरत जातो. या उतरत्या जोरात जे प्राणी दोन पाय अंतर ठेवून उभे असतात त्यांच्या एका पायाशी दाब अधिक, दुसऱ्या पायाशी कमी, आणि मधल्या देहातून प्रवाह वाहतो. चतुष्पादाचे पुढचे व मागचे पाय लांब असतात आणि काळीज त्यांच्या मधे. म्हणून गुरे-मेंढ्या पटापट मरतात. त्याच वर्षी ऑगस्टात नॉर्वे देशाच्या पठारावर एकाच वादळात 323 रेनडिअर हरणे अशीच मेली, हे मी पुढे वर्तमानपत्रात वाचले. 'पाय जुळवून बसा' हे त्या धनगराचे शब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभले असते. त्यास ते बापाकडून मिळाले होते. अलीकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास ते मोबाइलवर सूचना देते. शेतावर जाणाऱ्या आपल्या बांधवांनी ते अवश्य घ्यावे.

पाऊस अर्ध्या तासात ओसरला. धनगर, आम्ही त्यांस मामा म्हणू लागलो होतो, उठले आणि त्यांनी उरलेल्या मेंढ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मेंढपाळावर मी व्यासपीठावरून किती वेळा बोललो असेन याची गणती नाही, परंतु मेंढपाळास मेंढ्या मोजताना मी त्या दिवशी प्रथम पाहिले. ते रडले नाहीत. मृत मेंढ्यांच्या कानांस हात लावून प्रत्येकीचे काहीतरी पुटपुटले. त्यांच्या खुणा असतात. आम्ही काय बोलावे हे आम्हांस सुचत नव्हते, कारण आम्हां सर्वांच्या मनात एकच हिशेब चालला होता आणि तो कोणी उच्चारीत नव्हते. मास्तरांस व मुलांस झाडाखालून हुसकण्यात जो वेळ गेला, तो त्या मेंढ्यांच्या वाट्याचा होता.

शेवटी मास्तरांनीच तो उच्चारला. मामा म्हणाले, "मेंढरं ईकत घ्येता येत्यात, मास्तर." एवढे बोलून ते आपल्या कामास लागले.

काम होते ते वेगळेच. वीज पडून जनावर मेले तर सरकारकडून मदत मिळते. त्या काळच्या नियमाने मेंढीमागे तीन हजार रुपये. बाजारभाव याच्या दुपटीहून अधिक, असे मामांचे म्हणणे; तरी अकरा मेंढ्यांचे तेहतीस हजार होत होते, आणि दुष्काळाच्या सालात तेहतीस हजार म्हणजे पुढच्या वर्षीचा संसार. परंतु त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा हवा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने केलेली शवचिकित्सा हवी, आणि त्या दोन्हींसाठी मेंढ्या जागेवर हव्यात. चिखलामुळे सकाळपर्यंत त्या रानात कोणाचेही वाहन येणे शक्य नव्हते. आणि नान्नजच्या माळावर लांडगे आहेत. आज लांडगा पाहावयास लोक दुरून येतात, त्यावर विद्वान ग्रंथ लिहितात. त्या रात्री आमच्या दृष्टीने लांडगा म्हणजे सरकारी मदतीचा कागद खाऊन टाकणारे जनावर होते. मामांस उरलेला कळप वाघरीत नेऊन कोंडणे भाग होते, नाहीतर तोही गेला असता. घरी बायको आणि दोन लेकरे. मृत मेंढ्यांपाशी बसावयास माणूस नव्हते.

आम्ही बसलो. त्यावर चर्चाच झाली नाही. मामांच्या घरून मुलांच्या आईबापांस आणि आपल्या चिटणिसांस दूरध्वनी केला. आमचे मोबाइल भिजून गेले होते. मामांच्या पत्नीने दूध, भाकरी आणि चार घोंगड्या पाठविल्या. रात्री आभाळ पुन्हा भरून आले आणि असा काळोख पडला की स्वतःचा हात दिसेना. विजेरी एकच होती, तीही मिणमिणती. सरपण ओले. लांडगा उजेडास बिचकतो, पण उजेड आणावा कोठून?

तेव्हा मिस्त्रींनी माझी सायकल, म्हणजे आपली सायकल, उचलून बांधावर स्टँडवर उभी केली. मडगार्डे आधीच निघाली होती. चाकातला, चेनीतला चिखल काडीने आणि नखांनी काढला, डायनामो टायरला टेकविला, हँडल मेंढ्यांकडे वळविले आणि पॅडल हाताने फिरवावयास लागले. दिवा लागला. सहा व्होल्टचा तो डायनामो, तीन वॅटचा दिवा. घरात असता तर आपण त्यास दिवा म्हटले नसते. पण त्या रानात त्याचा पिवळा झोत पंधरा-वीस पावले जाई आणि अकरा पांढऱ्या पाठी उजळून निघत. पॅडल थांबले की काळोख. मग मुलांनी पाळ्या लावल्या. गिरणीतल्यासारख्या पाळ्या, आणि पाळी बदलताना एक जण तोंडाने भोंगा वाजवी. दहा दहा मिनिटे एकेकाने पॅडल फिरवावयाचे. मीही फिरविले. मास्तरांस आम्ही नको म्हणत होतो, पण त्यांनी ऐकले नाही. सर्वांत अधिक पाळ्या त्यांनीच केल्या. फिरविता फिरविता मुलांनी गायनमंडळातील झाडून सारी गीते म्हणून संपविली, आणि मग सिनेमातली सुरू केली. मी हरकत घेतली नाही.

एकदा, दोन अडीचचा सुमार असेल, झोताच्या कडेला दोन हिरवट ठिणग्या दिसल्या. त्या हलल्या नाहीत. मुलाने पॅडल अधिक जोराने फिरविले, दिवा भगभगला, आणि ठिणग्या विझल्या. मिस्त्री म्हणाले कुत्रे असावे. पहाटे मामा आले, त्यांनी ओल्या मातीत उमटलेला पाय पाहिला आणि कुत्रे नव्हे असे सांगितले. मिस्त्रींनी आपले मत अद्याप बदललेले नाही.

दिवस उजाडावयास आला तेव्हा सायकलीच्या फ्रीव्हीलमध्ये शिरलेल्या चिखलाच्या कचऱ्याने आपले काम पुरे केले. पॅडल नुसतेच गरगर फिरू लागले. चाक जागचे हलेना. परंतु तोवर पूर्वेस तांबडे फुटले होते आणि दिव्याची गरज सरली होती.

सकाळी तलाठी चिखल तुडवीत पायी आले. दहा वाजता पशुवैद्यकीय अधिकारी आले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एकेका मेंढीस पालथी-उताणी करून आपले काम इतक्या काळजीने केले की मला बेलफास्टच्या त्या पशुवैद्याची आठवण झाली. पंचनाम्यावर मास्तरांची आणि माझी सही आहे. पंचाचा धंदा या रकान्यात तलाठ्यांनी माझ्याकडे पाहून क्षणभर विचार केला आणि 'धर्मगुरू' असे लिहिले. मामांनी तो कागद घोंगडीच्या आतल्या कप्प्यात ठेवला. आजूबाजूच्या रानांत तोवर औतांची गडबड सुरू झाली होती; लोक एकमेकांस हाका मारून पाऊस किती बोटे मुरला ते सांगत होते, आणि मामाही त्यांस हसून उत्तर देत होते. त्यांच्या स्वतःच्या दोन एकरांतही तोच पाऊस मुरला होता.

पैसे मिळाले, ते दिवाळीनंतर. मध्यंतरी मामा दोनदा सोलापुरास कचेरीत येऊन गेले आणि दोन्ही वेळा आपल्याकडे जेवले. मास्तर आणि त्या तिघा मुलांच्या घरच्या मंडळींनी, मला न कळविता, आपसांत वर्गणी काढून पुढच्या उन्हाळ्यात चार मेंढ्या घेऊन दिल्या. मामा घेईनात, तेव्हा 'आम्ही सोलापुरात मेंढ्या कोठे पाळणार, तुम्ही आमच्या म्हणून सांभाळा' अशी तोड मास्तरांनी काढली. तोंडी बोलण्यात मास्तरांचा हात कोणी धरणार नाही. त्या मेंढ्यांची कोकरे आता कोणाची, हा वाद त्या दोघांत अजून मिटावयाचा आहे.

आमच्या पाच सायकली टेंपोत घालून परत आल्या. सहावी, फ्रीव्हील गेलेली, मामांच्या घरीच राहिली; नवा भाग घेऊन पुढच्या सोमवारी मिस्त्री तेथे गेले आणि ती नीट करून आले. नीट झाल्यावर ती आणावी असा बेत होता. परंतु मामांची मोठी मुलगी तेव्हा नववीत होती, शाळा तीन किलोमीटरांवर, आणि मिस्त्री पंप मारीत असताना ती शेजारी उभी राहून सीट खाली किती येते ते विचारीत होती. मिस्त्रींनी सीट शेवटच्या खाचेपर्यंत खाली केली आणि बसने परत आले. ती मुलगी शिकून आता नोकरीस लागली आहे. सायकल तिचा भाऊ वापरतो.

या महोत्सवाच्या निमित्ताने समितीचे चिटणीस धर्मग्रामाच्या सामानाची यादी करीत होते. जुन्या वहीत 'काळी सायकल, डायनामोसह, एक' अशी नोंद त्यांस सापडली, आणि ती आवारात कोठे दिसत नाही म्हणून ते माझ्याकडे आले. मी त्यांस नोंदीपुढे 'नान्नज येथे वापरात' एवढेच लिहावयास सांगितले.